उतारवयाचे खाते

मराठी बैठकीत मोरारजी देसाईंचे नाव निघाले, की बोलणे सहसा एकाच ठिकाणी जाऊन थांबते. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन, मुंबईच्या रस्त्यांवर झालेला गोळीबार आणि त्या वेळी मुंबई राज्याच्या मुख्यमंत्रिपदी असलेला, कुणापुढेही न वाकणारा हा गृहस्थ, यापलीकडे त्यांच्याविषयी काही बोलावे असे आपल्यापैकी फार थोड्यांना वाटते. सुरतेत घर केलेल्या मराठी माणसाची मात्र येथे जरा पंचाईत होते. शेजारच्या गुजराती घरात तेच नाव आदराने घेतले जाते. मोरारजीभाई याच मुलखाचे, वलसाडजवळच्या भदेलीचे, आणि १९५७ सालापासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ लोकसभेत सुरतेचे प्रतिनिधी. एका भिंतीच्या अलीकडे राग आणि पलीकडे आदर, अशी ही स्थिती.

तो जुना हिशेब आम्ही येथे पुन्हा मांडणार नाही. तो विसरावा असेही आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनी काय विसरावे, हे सांगण्याचा अधिकार इतरांना नसतो. परंतु त्या नावाशी निगडित अशी आणखी एक वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी आणि घराच्या कागदपत्रांखाली जपून ठेवलेली असते, तिच्याविषयी या महिन्यात चार शब्द लिहावेत असे वाटते. ती वस्तू म्हणजे पी.पी.एफ.चे पासबुक, म्हणजेच सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते.

या निधीचा कायदा १९६८ सालचा. मोरारजी तेव्हा देशाचे उपपंतप्रधान व अर्थमंत्री होते. सरकारी नोकराला पेन्शन असे, गिरणी-कारखान्यातील कायम कामगाराला १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड मिळू लागला होता. पण ज्याला मालकच नाही, त्याच्या म्हातारपणाची तरतूद कोणी करायची? दुकानदार, वकील, वैद्य, शिकवण्या करणारा मास्तर, शिवणकाम करणारी बाई यांच्यासाठी हे खाते निघाले. वर्षाला किमान १०० रुपये भरावेत, पंधरा वर्षे हात लावू नये, सरकार व्याज देईल आणि प्राप्तिकरात सूट मिळेल, अशी सुटसुटीत योजना. पहिल्या वर्षीचा व्याजदर ४.८ टक्के होता. आणि कायद्यात एक कलम असे होते, की खातेदार कर्जबाजारी झाला तरी न्यायालयाच्या हुकमाने त्या कर्जापोटी ही रक्कम जप्त होऊ नये. व्यापारात बुडालेल्या घराला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कायद्याचे नाव पुढे बदलले, १९६८ चा कायदा जुन्या बचत कायद्यात विलीन झाला आणि २०१९ साली नवी नियमावली आली, तरी हे संरक्षण कायम आहे.

मोरारजींची कारकीर्द समजून घ्यायची, तर त्यांच्या शेजारी एका मराठी माणसाला उभे करावे लागेल. १८९६ या एकाच वर्षी, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने, या देशाचे दोन अर्थमंत्री जन्मास आले. चिंतामणराव देशमुख १४ जानेवारीचे, महाडजवळच्या नाते गावचे; मोरारजी २९ फेब्रुवारीचे. दोघेही बुद्धिमान, दोघेही करड्या शिस्तीचे, दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी विरोधकांनी सहसा शंका घेतली नाही. पण माणसाचे उतारवय कुणी सांभाळायचे या प्रश्नाला दोघांच्या कारकिर्दीतून मिळालेली उत्तरे अगदी निराळी आहेत.

चिंतामणराव खऱ्या अर्थाने अर्थव्यवहाराचे पंडित. आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत बसले आणि १९५० साली अर्थमंत्री झाले. त्या काळी आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या नावाने जमा झालेला पैसा काही चालक आपल्या इतर धंद्यांत फिरवीत आणि कंपनी बुडाली की विमाधारकाच्या हाती केवळ कागद उरे. चिंतामणरावांनी १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विम्याची व्यवस्था सरकारच्या ताब्यात घेतली, आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. जनतेच्या उतारवयाची व पोरकेपणाची ठेव सरकारने सांभाळावी, हे त्यांचे उत्तर.

त्या तारखेकडे मराठी वाचकाने पुन्हा एकदा पाहावे. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच आठवड्यात मुंबईत माणसे गोळ्यांना बळी पडत होती. दिल्लीत एक मराठी अर्थमंत्री विमाधारकांच्या पैशाचे रक्षण करीत होता, आणि मुंबईत मोरारजींचे पोलीस बंदुका चालवीत होते. चिंतामणरावांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला व जुलै महिन्यात ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झाले तेव्हा त्याचा जनक अर्थखात्यात नव्हता.

सरकारच्या हाती दिलेला पैसा आपोआप सुरक्षित होतो असे मात्र नव्हे. महामंडळाला पुरते एक वर्षही झाले नव्हते, तोच हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग त्याच्या पैशाने खरेदी केल्याचे प्रकरण उद्भवले. न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये पायउतार व्हावे लागले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या खात्यावर मार्च महिन्यात आले मोरारजी देसाई. विमाधारकांच्या ठेवीवरून उठलेल्या वादळानेच त्यांना अर्थखात्यात आणून बसवले.

मोरारजी अर्थशास्त्राचे पंडित नव्हते. शिक्षकाचा मुलगा, विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन १९१८ साली मुंबई इलाख्याच्या प्रांतिक सेवेत शिरलेला आणि डेप्युटी कलेक्टरपर्यंत चढलेला अधिकारी. त्या काळात अशा नोकरीचा अर्थ एकच होता: मरेपर्यंत चिंता नाही. मध्यमवर्गीय घराला सरकारी पेन्शनीपेक्षा मोठे स्वप्न ठाऊक नव्हते. १९३० साली, बारा वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी ती नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. पुढे ज्याच्या कारकिर्दीत पेन्शन नसलेल्यांसाठी कायदा झाला, त्याने स्वतःची पेन्शन अशी हातची सोडली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तुरुंगवास, १९३७ साली खेर मंत्रिमंडळात महसूलमंत्री, १९४६ साली गृहमंत्री, १९५२ साली मुख्यमंत्री आणि १९५६ च्या अखेरीस दिल्ली, असा त्यांचा चढता क्रम.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी एकूण दहा अंदाजपत्रके मांडली. इतकी आजवर दुसऱ्या कोणा अर्थमंत्र्याने मांडलेली नाहीत. त्या सर्वांमागे एक श्रद्धा होती. माणसाने काटकसर करावी, मिळकतीतला काही भाग बाजूला ठेवावा, उद्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकू नये. ही शिकवण आपल्या आजीबाईंचीही होती. पण आजीबाई आपल्या डब्यातले चार आणे बाजूला काढत, आणि मोरारजींच्या हाती सरकारचा दंडुका होता. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांनी सक्तीची ठेव योजना आणली. नोकरदार, दुकानदार, शेतसारा भरणारा शेतकरी अशा कितीतरी जणांनी मिळकतीचा ठराविक भाग सरकारजमा करावा आणि काही वर्षांनी तो व्याजासह परत घ्यावा.

दोन्ही गोष्टी लोकांच्या गळी उतरल्या नाहीत. ज्या सुरतेने मोरारजींना लोकसभेत पाठवले, ती सोन्याच्या मुलाम्याच्या जरीसाठी आणि सराफीसाठी नावाजलेली नगरी. तिच्या सोनारांच्या हातांवर सुवर्णनियंत्रणाचा घाव पडला. देशभर लाखो सोनारांचा धंदा बसला. सक्तीच्या ठेवीविरुद्ध इतकी ओरड झाली, की कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळातून गेल्यावर त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने ती बहुतेकांपुरती मागे घेतली. सुवर्णनियंत्रण पुष्कळ वर्षे रेंगाळले. ते १९९० साली रद्द केले मधू दंडवते या मराठी अर्थमंत्र्याने.

मार्च १९६७ मध्ये मोरारजी पुन्हा अर्थखात्यात आले आणि पुढल्याच वर्षी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. १९६३ ची ठेव आणि १९६८ चे खाते यांच्यात फरक एका शब्दाचा. पहिले सक्तीचे होते, दुसरे ऐच्छिक. पहिल्यावर लोकांनी शिव्याशाप दिले, दुसऱ्याच्या रांगेत लोक स्वतःहून उभे राहिले. काटकसर तीच, सरकारही तेच. पण माणसाच्या स्वाभिमानाला जागा मिळाली की तीच गोष्ट गोड लागते, एवढे या दोन कायद्यांच्या इतिहासावरून खचित म्हणता येईल. जुलै १९६९ मध्ये इंदिराजींनी त्यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले आणि तीनच दिवसांनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. मोरारजी बाहेर पडले. ज्या वयात माणसे देवळाच्या ओट्यावर टेकतात त्या वयात, एक्याऐंशीव्या वर्षी, म्हणजे १९७७ साली, ते पंतप्रधान झाले आणि १९९५ साली, शंभरीला एक वर्ष उणे असताना, निवर्तले.

तात्पर्य, दोन उत्तरे आपल्यापुढे आहेत. चिंतामणरावांचे उत्तर असे, की लोकांची ठेव सरकारने आपल्या हाती घ्यावी. मोरारजींच्या कायद्याचे उत्तर असे, की ज्याचे खाते त्याने भरावे, सरकारने केवळ ते राखावे. आपल्या घरांत दोहोंनाही जागा मिळाली. एका कप्प्यात विम्याची पॉलिसी, दुसऱ्यात पी.पी.एफ.चे पुस्तक. एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या दोघांचे कागद आपल्या कपाटात निमूटपणे एकत्र नांदले.

यानंतर जगात हा विचार याहूनही पुढे गेला, आणि त्याची हकीकत आपल्या उपयोगाची आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात जनरल पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत होसे पिन्येरा नावाचा, हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला तरुण अर्थशास्त्रज्ञ कामगारमंत्री झाला. त्याने १९८० साली हुकूम काढून सरकारी पेन्शनीची जुनी पद्धतच नव्या कामगारांसाठी बंद केली. १९८१ सालच्या १ मेपासून, म्हणजे कामगारदिनाच्याच मुहूर्तावर, प्रत्येक कामगाराच्या वेतनातील १० टक्के रक्कम त्याच्या स्वतःच्या नावे एका खाजगी कंपनीकडे जमा होऊ लागली. मालकाचा हिस्सा नाही, सरकारची हमी नाममात्र. कंपनीने तो पैसा बाजारात गुंतवावा आणि जे वाढेल ते म्हातारपणी कामगाराचे. लष्कराला मात्र या नव्या पद्धतीतून वगळले होते! पिन्येरा यांनी पुढील आयुष्य देशोदेशी या योजनेचा पुरस्कार करण्यात घालवले, आणि अनेक देशांनी तिचे कमीअधिक अनुकरण केले.

चाळीस वर्षांत काय निष्पन्न झाले? भांडवल साचले, बाजार वाढला, हे खरे. पण निवृत्त होणाऱ्यांच्या हाती पडलेली पेन्शन अनेकांच्या बाबतीत इतकी तोकडी निघाली, की २००८ साली सरकारला गरीब वृद्धांसाठी आपल्या तिजोरीतून वेगळी पेन्शन द्यावी लागली. २०१६ साली लोक लाखांनी रस्त्यावर उतरले. २०२० व २०२१ मध्ये महामारीच्या झळीने संसदेने या खात्यांतून रक्कम काढण्यास तीनदा परवानगी दिली आणि कित्येकांची खाती रिकामी झाली. २०२५ च्या आरंभी नवा कायदा होऊन, सुरुवातीस वगळलेला मालकाचा हिस्सा हळूहळू परत आणण्याचे ठरले. खात्याची कल्पना फसवी नव्हती. पण ज्याचे काम मधूनमधून सुटते, जी बाई बाळंतपणासाठी काही वर्षे घरी बसते, जो रोजंदारीवर राबतो, त्यांच्या खात्यात पैसा पडतच नव्हता. खाते म्हणजे वेतनाची सावली. वेतनात खंड पडला की सावलीतही पडतो.

आपल्याकडेही हा वारा पोहोचला. सुरेंद्र दवे यांच्या समितीने असंघटितांच्या म्हातारपणाचा विचार करून अहवाल दिला. फेब्रुवारी २००३ च्या अंदाजपत्रकात जसवंत सिंह यांनी नव्या पेन्शन पद्धतीची घोषणा केली आणि १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली. सैन्यदले येथेही वगळलेली. गुजरातेत १ एप्रिल २००५ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून तोच पायंडा पडला. चिलीहून आपली योजना एका बाबतीत बरी, कारण मालक या नात्याने सरकारचा हिस्सा तीत राहिला. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांना खुली झाली. योगायोग असा, की येथेही कामगारदिनच.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनीसाठी संप केला. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना एक वेगळा पर्याय दिला. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनीची हमी. संघटित माणूस बोलू शकतो, संप करू शकतो, आणि म्हणून त्याच्यासाठी हमी परत येते. ते चांगलेच झाले, त्यात आमचा आक्षेप नाही. पण दवे समितीपुढे मूळ प्रश्न ज्यांचा होता, ते कुठे आहेत?

ते येथेच आहेत, सुरतेत, आपल्या दारापासून फार तर चार-सहा कोसांवर. भुसावळहून जळगाव, नंदुरबार करीत येणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने गेल्या कित्येक दशकांत खानदेशातील हजारो कुटुंबे या नगरीत आणून सोडली. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आजही अहिराणीचे सूर ऐकू येतात. त्यांतील पुष्कळजण यंत्रमागांवर बारा-बारा तासांची पाळी करतात. येथे यंत्रमागाच्या कारखान्यालाही ‘खाते’च म्हणतात. पैसे विणलेल्या कापडाच्या मीटरवर. दिवाळीत खाते बंद झाले की गावी जायचे, परत आल्यावर त्याच खात्यात जागा मिळेलच असे नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा वीस माणसांच्या वरच्या कारखान्यास लागतो. अनेक ठिकाणी एकाच छपराखाली मागांची वाटणी निरनिराळ्या नावांनी केलेली असते, आणि कामगाराचे नाव कोणत्याच पटावर धड नसते. वीस वर्षे एका शहराचे कापड विणणारा माणूस कागदावर तेथे कधी नव्हताच!

अशा माणसाला पी.पी.एफ. आहे, असे कोणी म्हणेल. आहे खरेच, कायद्याने दार सर्वांना उघडे आहे. पण हिशेब करून पाहू. समजा त्याने दरमहा ५०० रुपये, न चुकता, पंधरा वर्षे भरले. आजच्या ७.१ टक्के दराने त्याच्या हाती दीड लाखाहून थोडी अधिक रक्कम येईल. ती तशीच ठेवून नुसत्या व्याजावर जगायचे म्हटले, तर महिन्याला नऊशे-साडेनऊशे रुपये सुटतात. आणि त्या पंधरा वर्षांत मंदी आली, मूल आजारी पडले, मुलीचे लग्न निघाले, २०२० सारखी टाळेबंदी येऊन अंगावरच्या कपड्यांनिशी गाव गाठावे लागले, तर तेही नाही. काटकसरीचा सद्‍गुण अंगी असला तरी काटण्यासाठी आधी काही असावे लागते. मोरारजींच्या सबंध अर्थविचारात जर कोठे उणेपणा राहिला असेल, तर तो येथे, असे आम्हांस वाटते.

२०१५ साली आलेल्या अटल पेन्शन योजनेत सरकारने वृद्धापकाळी दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी दिली आहे. तिशीतील माणसाने साठीनंतरच्या हजार रुपयांसाठी महिन्याला ११६, आणि पाच हजारांसाठी ५७७ रुपये भरावयाचे. खातेदार गेल्यास तीच पेन्शन पतीस वा पत्नीस मिळते. योजना भली आहे. पण दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. हमी आकड्याची आहे, त्या आकड्यात तीस वर्षांनी किती धान्य येईल याची नाही. आणि तिचे दार चाळिशीला बंद होते. मागावर उभे राहून ज्याचे गुडघे चाळिशीतच बोलू लागतात, त्याला उतारवयाची पहिली चाहूल लागावी आणि त्याच सुमारास दारही मिटावे, असा हा मेळ आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. खाजगी खाते की सरकारी हमी, हा वाद विद्वानांना करू द्यावा. चिंतामणरावांनंतर मुंदडा प्रकरण घडले आणि पिन्येरांनंतर सांतियागोचे मोर्चे निघाले, तेव्हा केवळ पद्धतीवर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये. खरा प्रश्न कामगाराचे नाव पटावर लागण्याचा आणि त्याच्या खात्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात लागण्याचा आहे. मालकाच्या किंवा सरकारच्या हिश्शावाचून नुसत्या रोजंदारीतून पेन्शन उभी राहत नाही. आपल्या समाजात आज मागांचे, छपाईचे, शिवणकामाचे छोटे कारखाने चालवणारे मराठी गृहस्थ आहेत. वीस माणसांची अट त्यांना मोडता येणार नाही असे नव्हे. दहा माणसे असली तरी त्यांची नावे स्वेच्छेने फंडात घालण्याची सोय कायद्यात आहे. त्यांपैकी दोघांनी जरी हे केले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

आणि ज्यांचा कारखाना नाही, त्यांचे घर तर आहे. तुमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बाई चाळिशीच्या आतील असतील, तर त्यांना बँकेत घेऊन जा, अर्ज भरून द्या आणि दरमहाचा हप्ता पगाराव्यतिरिक्त आपल्या अंगावर घ्या. दोन-तीन घरांनी मिळून तो वाटून घेतला तर कुणालाच जड जाणार नाही. महाराष्ट्र मंडळांच्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार लिंबायत-उधन्याकडे जाऊन अर्ज भरून देण्यास दिला, तर ती सेवा गणेशोत्सवाच्या मांडवाइतकीच मोलाची होईल. शिवाय आपले स्वतःचे पासबुकही एकदा बाहेर काढावे. वर्षाला किमान ५०० रुपये भरले नसतील तर खाते निद्रिस्त झालेले असते, ते थोडा दंड भरून जागे करता येते. वारसाचे नाव लिहिले आहे की नाही हे तपासावे. पुष्कळ घरांत ती ओळ कोरीच राहते आणि मागे राहिलेल्यांच्या कचेरीच्या फेऱ्या सुरू होतात.

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी मोरारजींविषयी आपले एकमत होणार नाही, होऊही नये. पण ज्या कायद्याने मालक नसलेल्याच्या म्हातारपणाचा विचार केला, त्यातील अपुरे राहिलेले काम दोन्ही बाजूंच्या घरांचे आहे. सुरतेचे कापड ज्यांच्या हातांनी विणले जाते त्यांचे हात थकल्यावर त्यांना कोण विचारणार, या प्रश्नावर तरी मराठी आणि गुजराती असा भेद उरण्याचे कारण नाही.